आरसीवर ‘पेट्रोल’, बॉनेटखाली मोटर : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : विजेवर रूपांतरित केलेल्या जुन्या मोटारींची नोंदणी व विक्री

महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्याकडे १९६६ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. ती मला विकायची आहे आणि घ्यायला गिऱ्हाईकही तयार आहे. तरीही आजच्या नियमांत ती खरे सांगून विकता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुंबईतील एका परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याने आणलेली ही गाडी माझ्या वडिलांनी पुढे त्याच्याकडून विकत घेतली. त्यांच्या पश्चात ती कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. या गाडीला स्वतंत्र चासी नसते, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो, त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या गंजल्या की गाडीचा कणाच जातो. आमच्या गाडीचे तेच झाले होते. जुना पत्रा कापून नवा वेल्ड करणे, फ्लोअर बदलणे, वायरिंग नव्याने ओढणे आणि शेवटी रंगकाम यांत सहा वर्षे गेली. १७९८ सीसीचे मूळ इंजिन तोवर थकले होते आणि ऑइल प्रेशर धरत नव्हते. ते खोलून पुन्हा बांधण्याइतका धीर माझ्यात उरला नव्हता, हे कबूल करतो. म्हणून ते उतरवून त्या जागी विजेची मोटर बसवली. आता वय सदुसष्ट आहे आणि जमिनीपासून वीतभर उंचीच्या त्या सीटवरून उठताना गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाडी विकायची आहे.

रूपांतर करताना एक पथ्य काटेकोरपणे पाळले : मूळ गाडीला एकही नवे भोक पाडायचे नाही. मोटर जुन्याच इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर बसली आहे आणि गिअरबॉक्स मूळचाच आहे. साठ वर्षांपूर्वीच्या मागच्या ॲक्सलवर जादा ताण येऊ नये म्हणून मोटरची ताकद कंट्रोलरमध्ये मूळच्या ९५ अश्वशक्तीच्या आत बांधून ठेवली आहे. वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा भार वेगवेगळा मोजूनच बॅटऱ्यांची विभागणी केली. (त्या काळच्या एमजीबीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, त्यामुळे सीटमागे बॅटरी ही या गाडीला नवी गोष्ट नाही, असे मी पाहुण्यांना गमतीने सांगतो.) मूळ इंजिन दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांसह तेल लावून लाकडी खोक्यात ठेवले आहे आणि गाडीबरोबर ते खोकेही नव्या मालकाला द्यायचे आहे.

हे सगळे करताना कायदा आपल्या बाजूने आहे अशी माझी समजूत होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. पण बॅटरी, सीएनजी, सौर ऊर्जा किंवा एलपीजी यांवर वाहन चालावे म्हणून किट बसवून केलेल्या बदलाला त्याच कलमाने, विहित अटींवर, वाट ठेवली आहे. अडचण त्या अटींत आहे. संपूर्ण विद्युत रूपांतराचे नियम १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर तयार झालेल्या वाहनांपुरतेच आहेत. शिवाय एआयएस-१२३ या वाहन-मानकाप्रमाणे किटला मान्यता मिळते ती विशिष्ट वाहनप्रकारासाठी. एकाच मॉडेलच्या हजारो टॅक्सींसाठी किट विकणाऱ्या उत्पादकाला ही पद्धत योग्यच आहे, परंतु अख्ख्या राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या गाडीसाठी एवढा चाचणीखर्च कोण करणार?

दुसरा दरवाजा २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांचा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी वाहनांना त्यांनी ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक दिला, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क ठरवले आणि अशा वाहनांच्या खरेदी-विक्रीलाही मुभा दिली. ते नियम चांगले आहेत आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी त्यांचे स्वागतच केले. पण त्यांची पहिली अट वाहन मूळ स्वरूपात असण्याची आहे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे माझी गाडी विद्युत नियमांसाठी फार जुनी आणि व्हिंटेज नियमांसाठी फार नवी ठरते. तिला दोन्हीकडे जागा नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आजही इंधन ‘पेट्रोल’ आहे आणि इंजिन क्रमांक आहे तो खोक्यातल्या इंजिनाचा.

महोदय, गाडी माझ्याच आवारात उभी असेपर्यंत ही विसंगती माझ्यापुरती असते. विक्रीच्या दिवशी ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. मी परिवहन कार्यालयात विचारायला गेलो, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने ऐकून घेतले आणि संगणकात एवढ्या जुन्या वाहनाचे इंधन बदलण्याचा पर्यायच नाही, असे सांगितले. बाहेर भेटलेल्या एजंटाचा सल्ला मात्र सरळ होता : “मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करा, आरसी पेट्रोलचीच राहू द्या. बॉनेट कोण उघडून बघतंय?”

कुणी उघडून पाहत नाही, हे खरे असेल. पण उद्या ही गाडी रस्त्यात कुठे धडकली, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक बॉनेट नक्की उघडेल आणि आरसीवरील वर्णनाशी न जुळणाऱ्या गाडीचा दावा लटकेल. त्यात जखमी झालेल्याची भरपाईही वादात सापडेल. आग लागली तर विझवायला आलेल्या माणसाला आत सव्वाशे व्होल्टची बॅटरी आहे हे कागदावरून कळणार नाही आणि माझ्या गाडीला हिरवी नंबरप्लेटही नाही. शिवाय नोंदणीतील इंजिन क्रमांक गाडीत नसला की सुटे इंजिन भंगारबाजारात कुठल्या दुसऱ्या गाडीच्या पोटात जाईल, याचा माग कोणत्याच दप्तरात राहत नाही. चोरीच्या गाड्यांना खोटे कूळ मिळते ते अशाच पळवाटांतून. गिऱ्हाईक भला माणूस आहे आणि मी त्याला सगळे सांगितले आहे, परंतु त्याच्याकडून गाडी घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला कोण सांगणार?

माझी मागणी सवलतीची नाही, नोंदीची आहे. आपल्याकडे साध्या माणसालाही गाडीला गॅस बसवल्यावर ‘सीएनजी आरसीवर चढवून घ्यावा लागतो’ हे ठाऊक असते, तशीच वीजही आरसीवर चढवता यावी. १९९० पूर्वीच्या वाहनांसाठी किटच्या प्रकार-मान्यतेऐवजी त्या एकट्या वाहनाची तपासणी ठेवावी. इन्सुलेशन, बॅटरीची पकड, आणीबाणीत वीज तोडणारी स्विच, ब्रेक आणि वजनाची वाटणी एवढे मान्यताप्राप्त संस्थेने पाहावे. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था असताना हे अशक्य नसावे. त्यासाठी वाजवी शुल्क द्यायला माझ्यासारखे मालक तयार होतील. तपासणीनंतर आरसीत मोटरचा क्रमांक, बॅटरीचा प्रकार व व्होल्टेज, रूपांतराची तारीख आणि मूळ इंजिन कुणाच्या ताब्यात आहे, याची नोंद व्हावी आणि मालकी बदलताना ती आपोआप नव्या प्रमाणपत्रावर उतरावी.

व्हिंटेजचा दर्जा मी मागत नाही. मोटर बसवलेली गाडी ऐतिहासिक राहत नाही, असे म्हणणाऱ्यांत जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ही आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते इंजिन थंडीच्या सकाळी दुसऱ्या झटक्यात धरायचे तेव्हाचा आवाज मलाही आठवतो. पण बदल करायचाच असेल तर तो उलटवता यावा आणि मूळ भाग जपावेत, हा आग्रहही त्याच मंडळींचा आहे. म्हणून मोटर असेपर्यंत गाडी व्हिंटेज मानू नये, पण नोंदीतले मूळ इंजिन परत बसवले तर तिला तो अर्ज करता यावा, एवढी वाट उघडी ठेवावी.

हे जगावेगळे नाही. मे २०१८ मध्ये विंडसरच्या शाही विवाहानंतर प्रिन्स हॅरी ज्या गाडीतून स्वागतसमारंभाला गेले, ती १९६८ ची जग्वार ई-टाइप विजेवर चालणारी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲस्टन मार्टिनने हवी तेव्हा काढून ठेवता येईल अशा विद्युत संचासह आपली जुनी डीबी-६ मोटार दाखवली. आणि २६ ऑगस्ट २०२५ पासून ब्रिटनच्या नोंदणी यंत्रणेने विजेवर रूपांतरित जुन्या गाड्यांना मूळ ओळख व क्रमांक टिकवण्याची मुभा दिली आहे, अट फक्त बदल कळवण्याची. ज्या एमजीच्या बिल्ल्याखाली आज गुजरातमधील हालोलला विजेच्या नव्या मोटारी तयार होतात, त्याच बिल्ल्याच्या जुन्या गाडीला भारतात नोंद मिळू नये, हे मला विचित्र वाटते.

गिऱ्हाइकाने दसऱ्यापर्यंत थांबायचे कबूल केले आहे. तोवर गाडी माझ्या आवाराबाहेर जाणार नाही आणि फॉर्मवर माझी सहीही होणार नाही. आपल्या मंत्रालयाचा कोणीही अधिकारी पाहायला आला, तर बॉनेट मी स्वतः उघडून दाखवीन, खोकेही.

आपला विश्वासू,
एक मोटारमालक, पुणे