काकू, डबा परत पाठवतोय

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारी लातूर जिल्ह्यातल्या शाळेत रुजू झालो. आंतरजिल्हा बदलीची चार वर्षं वाट पाहिली आणि आदेश हातात आला तेव्हा आधी तुमची आठवण झाली. निघताना धड बोलताही आलं नाही. म्हणून हे आभार चारचौघांत लिहितोय.

जैतापूरच्या खाडीकडच्या त्या शाळेत मी आलो जूनमध्ये. आमच्याकडे पावसाची वाट बघत माणसं आभाळाकडे डोळे लावतात. तुमच्याकडे आठवडा आठवडा ऊन दिसेना. कपडे वाळत नव्हते, फोनला रेंज नव्हती. अकरा पोरं घरी गेली की पाखाडीवर चिटपाखरू नसायचं. डब्याची सोय गावकऱ्यांनी तुमच्याकडे लावून दिली. तिसरीतली एक पोर तो घेऊन यायची. तुमचे गुडघे दुखायचे, मी बुजरा. दोन महिने आपण एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

पहिली चिठ्ठी माझी, तीही तक्रारीची : 'नारळ सोसत नाही, कमी घालावा.' दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे तुमचं उत्तर आलं : 'गुरुजी, तुमच्या घरी काय करतात ते लिहून कळवा.'

आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं, काकू. मी दोन पानं लिहिली. येसर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी. लिहिता लिहिता आईबद्दलही बरंच लिहून गेलो.

आठ दिवसांनी डब्यात भाकरी. राजापूरहून तुम्ही ज्वारीचं पीठ मागवलं होतं. पीठ जुनं, विरी गेलेलं. भाकरी कडेने तुटलेली, मधे करपलेली. सोबत चिठ्ठी : 'जमली नाही. तरी खाऊन घ्या.' मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि पिठात उकळतं पाणी घालून बघा, असं कळवलं. तिसऱ्या खेपेच्या भाकरीला पापुद्रा सुटला होता. जुलैत मी राजीनाम्याचा अर्ज लिहून ट्रंकेत ठेवला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो ट्रंकेतच राहिला.

मग तुमच्या चिठ्ठ्या लांबत गेल्या. काका गेल्यावर एकटीसाठी चूल कशाला पेटवायची म्हणून तुम्ही रात्री नुसत्या चहावर भागवायचात, हे मला त्यांतूनच कळलं.

दिवाळीत मी गावी गेलो नाही. फोनमध्ये उतरवून आणलेला रितेश बत्रांचा 'द लंचबॉक्स' आपण तुमच्या पडवीत पाहिला. २०१३चा सिनेमा, मी डी.एड.ला असताना पाहिलेला. तेव्हा ती मला चुकलेल्या डब्याची गोष्ट वाटली होती, एवढंच. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीचा आवाज आला तशा तुम्ही म्हणालात, 'अहो, ही तर वागळ्यांची बायको!' 'वागले की दुनिया' मालिकेतल्या भारती आचरेकरांना तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलंत. ती बाई अख्ख्या सिनेमात दिसत नाही, तिची टोपली तेवढी दोरीने खाली येते. इरफान खानचा साजन फर्नांडिस डबा पाठवणाऱ्या इलाला पहिल्यांदा उत्तर लिहितो ते जेवण खारट होतं म्हणून. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पदर तोंडाला लावून हसलात. तुम्हाला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती दोघं भेटली की नाही, हे सिनेमा सांगत नाही. संपल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, 'आता तो जेवत असेल ना नीट?'

काकू, मी नीट जेवतोय.

काकांचं नाव कोरलेला डबा माझ्याकडेच राहिला होता. तुमच्या शाळेवर जे नवीन सर येताहेत ते नांदेडचे आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतोय. आत शेंगदाण्याची चटणी आहे, जरा तिखट झालीय. वेगळ्या पिशवीत ज्वारीचं पीठ, कालच दळलेलं. सर बोलायला संकोचतात. चिठ्ठी लिहायची, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.

तुमचा,
गुरुजी