परिचारिका मोजता, त्यांचा अनुभव कधी मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांत परिचारिकांचा विषय निघतो तो बहुतेक वेळा आकड्यांपुरता. पदे किती रिकामी, एकीच्या वाट्याला रुग्ण किती, भरती कधी. हे प्रश्न रास्तच आहेत. परिचारिकांच्या कामावर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला, तशी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत गेलेली त्यात दिसली. तेव्हा डोकी मोजलीच पाहिजेत. पण मी आधी वॉर्डात काम केले, पुढे विद्यार्थिनींना शिकवले आणि आता निवृत्त झाले आहे. त्या सगळ्या काळात एक गोष्ट सतत खटकत राहिली: ड्युटीच्या तक्त्यावर सगळी नावे सारख्याच वजनाची असतात. रात्रपाळीला तिघी आहेत एवढे तक्ता सांगतो. त्यातल्या दोघी नुकत्याच परीक्षा देऊन आलेल्या आहेत आणि तिसरी कालच दुसऱ्या विभागातून इथे आली आहे, हे सांगत नाही.

नवशिकी मुलगी तज्ज्ञ परिचारिका कशी होते, याचा नीट विचार पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेने केला. त्याआधी, १९८० साली, बर्कली विद्यापीठातल्या ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या भावांनी बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांचे कौशल्य कसकसे वाढत जाते याची मांडणी केली होती. बेनर यांनी ती रुग्णशय्येपाशी आणली. अनेक परिचारिकांशी बोलून, त्यांना काम करताना पाहून, १९८४ साली त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या: नवशिकी, थोडी रुळलेली, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ.

नवशिकीच्या हातात नियम असतात, आणि ते असायलाच हवेत. नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, अमुक आकड्याच्या खाली किंवा वर गेले की डॉक्टरांना कळवायचे. नियम तिला सावरतो आणि रुग्णालाही. पण समोरचा माणूस कोण आहे, हे नियमाला ठाऊक नसते. रोज मैलोन्मैल पळणाऱ्या धावपटूची नाडी झोपेत ५०च्या खाली गेली तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. उलट बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी गोळी, घेणाऱ्या आजोबांची नाडी ८५ दिसली, तर एरवी ती कदाचित ११० झाली असती हे लक्षात घ्यावे लागते. गोळीने ती दाबून धरलेली असते. पुस्तकात या दोन्ही गोष्टी असतात आणि मुलींना परीक्षेत त्या लिहिताही येतात. रात्री तीनला, दहा कामे डोक्यावर असताना, त्या नेमक्या त्या खाटेपाशी आठवणे ही वेगळी विद्या आहे.

दुसऱ्या पायरीवर खुणा ओळखू यायला लागतात, पण आधी कोणती आणि मग कोणती याचा क्रम लागत नाही. सगळेच सारखे तातडीचे वाटते. बेनर यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे गेली की परिचारिका सक्षम होते. पाळीची आखणी करते, काय थांबू शकते आणि काय नाही हे ठरवते. बहुतेक रुग्णालये अशांच्या बळावर चालतात.

त्यापुढचे सांगायचे तर एक उदाहरण घेते. पोटाची शस्त्रक्रिया झालेला तरुण रुग्ण. बीपी ११०/८५, नाडी १०४, श्वास २२. नवशिकी आकडे नोंदवते, बीपी ठीक आहे म्हणून पुढच्या खाटेकडे वळते. तिने नियम मोडलेला नाही. जाणती सिस्टर मात्र तिथेच थांबते. मघाशी बोलत होता तो आता उत्तर उशिरा देतोय, उगाच कूस बदलतोय, हाताला गार लागतोय. बीपीचे वरचे आणि खालचे आकडे एकमेकांच्या जवळ आलेत. आत रक्तस्राव सुरू झाला की शरीर आधी रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून दाब टिकवून धरते. एकूण रक्तापैकी ३० टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचा आकडा बऱ्यापैकी दिसू शकतो. म्हणजे ज्या आकड्यावर नवशिकी विसंबते, तोच सर्वांत शेवटी कोसळतो. जाणतीला हे शरीरशास्त्र माहीत असतेच. पण तिचे पाऊल थांबते ते पाठांतरामुळे नव्हे. असे रुग्ण तिने पूर्वी पाहिलेले असतात आणि हा त्यांच्यासारखा दिसतो, म्हणून ती थांबते. ‘याचे काहीतरी बिनसलेय, आत्ता या,’ एवढेच ती फोनवर सांगते. का, असे विचारले तर लगेच सांगताही येत नाही.

या न सांगता येण्याने तिचे फार नुकसान होते. ‘नक्की आकडा सांगा’ म्हणून तिला गप्प केले जाते. तिची शंका दर वेळी खरी ठरते असा माझा दावा नाही. अंतःप्रेरणा चुकते, आणि म्हणूनच तपासणी आणि धोक्याचे गुण मोजणारे तक्ते हवेत. पण रुग्ण ढासळू लागला की धावून येणारी पथके ज्या रुग्णालयांनी उभारली, त्यांतल्या अनेकांनी ‘परिचारिकेला काळजी वाटते’ हेच पथकाला बोलावण्याचे पुरेसे कारण मानले आहे. ही सोय प्रत्येक रुग्णालयात हवी, आणि बोलावल्यानंतर काही निघाले नाही तर तिला कुणी टोमणा मारता कामा नये. एकदा टोमणा बसला की ती पुढच्या वेळी आकडा घसरेपर्यंत वाट पाहते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. बेनर यांच्या लेखी नुसता काळ लोटणे म्हणजे अनुभव नव्हे. आपली आधीची समजूत प्रत्यक्ष रुग्णापाशी पारखली जाते, बदलते, बारकाव्याची होते, तो अनुभव. त्यासाठी त्याच प्रकारचे रुग्ण पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. हृदयरोग विभागातली तज्ज्ञ परिचारिका नवजात बालकांच्या कक्षात पाठवली तर तिथे ती पुन्हा नवशिकी होते. तिची निष्ठा तीच, हातही तेच. पण दोन किलोच्या बाळाचा चेहरा तिला वाचता येत नाही. शिकत असताना सगळे विभाग पाहणे आवश्यकच आहे. पुढे मात्र प्रशासनाच्या सोयीसाठी, जागा भरायची म्हणून, कधी कधी तर शिक्षा म्हणून, मुरलेल्या परिचारिकांना इकडून तिकडे हलवले जाते. वर्षानुवर्षांची कमाई त्या बदलीच्या एका कागदाने मोडीत निघते आणि कुठल्याही हिशेबात ते नुकसान दिसत नाही.

दुसरे, हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण कापून टाकला आहे. ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपवून रुग्ण पुढच्या पाळीकडे सोपवताना, अनुभवी सिस्टर म्हणते, ‘सात नंबरवर लक्ष ठेव.’ नवी मुलगी मान डोलावते. काय पाहून ती असे म्हणाली, हे विचारायला दोघींनाही पाच मिनिटे नसतात. बेनर यांनी परिचारिकांना घडलेले प्रसंग सविस्तर सांगायला लावले ते याचसाठी. नियमात न मावणारे बरेचसे प्रसंगांत सापडते. नव्या मुलीला पहिले काही महिने एका ठरावीक अनुभवी परिचारिकेसोबत काम करू द्यावे, आणि त्या काळात त्या अनुभवी परिचारिकेकडे रुग्ण कमी द्यावेत. रुग्ण तेवढेच ठेवून वर ‘हिलाही शिकवा’ म्हणणे हा दोघींवर अन्याय आहे, आणि त्या दोघींच्या रुग्णांवरही.

तिसरी गोष्ट पैशाची आणि मानाची. उत्तम परिचारिकेला बढती मिळते तेव्हा ती खाटेपासून उठून टेबलापाशी जाते. तक्ते, साठ्याच्या वह्या, बैठका. ही कामेही कुणीतरी करायला हवीत. पण ज्या मुली इतक्या कष्टाने रुग्णाचा चेहरा वाचायला शिकल्या, त्यांना रुग्णापाशीच राहून वरच्या श्रेणीचा पगार का मिळू नये? काही देशांतल्या रुग्णालयांनी बेनर यांच्या पायऱ्यांच्या आधारे अशा श्रेणी केल्या आहेत. आरोग्य खात्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी त्या आपल्याकडे आणाव्यात. आणि तोवर निदान एवढे तरी उद्यापासून करावे: प्रत्येक पाळीच्या तक्त्यावर नावापुढे त्या विभागातल्या अनुभवाची वर्षे लिहावीत, आणि जिथे एकही मुरलेली परिचारिका नाही अशी रात्रपाळी लावू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका