व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि 'तोटा तर काही नाही'

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाळिशीनंतर कुठली सप्लिमेंट्स घ्यावीत यावर अर्धं पान लेख होता. फोटो वगैरे झकास, पण त्यात कुठेही मिलिग्रॅमचा आकडा नाही, आधी रक्त तपासून कमतरता आहे का ते बघा असंही नाही, आणि वर 'फायदा नाही झाला तरी तोटा तर काही नाही' हे वाक्य. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तोटा काय होतो ते आम्हाला मशीनवर दिसतं. मध्यंतरी एका बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड जोरात असलं की ते उतरतं) जवळजवळ शून्याला टेकलेला आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) वर गेलेला, म्हणजे कागदावर थायरॉइड जोरात आणि बाई समोर निवांत बसलेल्या, ना धडधड, ना हात थरथरतायत, ना वजन उतरलंय. काय काय औषधं चालू आहेत विचारलं तर म्हणाल्या काहीच नाही. केसांसाठी, त्वचेसाठी काही? असं विचारल्यावर पर्समधून डबी निघाली, बायोटिन म्हणजे एक बी व्हिटॅमिन, १० मिलिग्रॅम. (लोक याला औषधात धरतच नाहीत, त्यामुळे नाव घेऊन विचारावं लागतं.) आता मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, म्हणजे ती एक गोळी गरजेच्या तीनशेपटीहून जास्त झाली. बऱ्याच मशीनवरच्या टेस्ट बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रोटीन या जोडीच्या घट्ट पकडीवर चालतात, रक्तातच एवढं बायोटिन फिरत असेल तर ते आधीच जागा अडवून बसतं आणि टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त दिसतो. गोळी बंद करून काही दिवसांनी परत सॅम्पल घेतलं तर सगळं नॉर्मल. नाहीतर थायरॉइड दाबायची औषधं सुरू झाली असती हो! आणि हे थायरॉइडपुरतंच नाहीये, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा काही मशीनवर अशीच खोटी कमी येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-तपासण्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता आणि त्यात एका मृत्यूची नोंदही होती.

हे झालं रिपोर्टचं. पण काही गोळ्यांनी आजारच वाढलेला आहे, आणि हे आज कळलेलं नाही. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतला रंग, शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं) जास्त असतं आणि त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, त्यावरून बऱ्याच संशोधकांना वाटलं की मग बीटा कॅरोटीनच गोळीतून देऊन बघू. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला आणि रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. योगायोग म्हणून सोडून द्यावं तर अमेरिकेत कॅरेट नावाची ट्रायल चालू होती, सिगरेट ओढणारे आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक, बीटा कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन ए, ती १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली कारण तिथे कॅन्सर २८ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई ची तीच गत, प्रोस्टेटचा कॅन्सर टळावा म्हणून ३५ हजार पुरुषांवर सिलेक्ट ट्रायल केली आणि २०११ च्या आकड्यांत नुसतं ई रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढलेला.

मग भाज्या-फळं खाऊन फायदा होतो तो कशाने? एका कुठल्या घटकाने असं बोट दाखवणं अवघड आहे, कारण ताटात फायबर, पोटॅशियम आणि बाकी शेकडो गोष्टी एकत्र येतात आणि ते खाल्लं की दुसरं काहीतरी खाणं आपोआप कमी होतं. डॅश ट्रायलमध्ये (१९९७) गोळी एकही दिली नव्हती, भाज्या, फळं, कमी फॅटचं दूध-दही असं जेवण ८ आठवडे दिलं, मीठ बदललं नाही, वजन बदलू दिलं नाही, आणि ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांचं वरचं बीपी सरासरी ११ पॉइंटने उतरलं. एखाद्या औषधाइतका हा फरक आहे, पण ताटाचा फोटो छापून डबी विकली जात नाही ना.

मी गोळ्यांच्या विरोधात नाहीये, गैरसमज नको. मूल हवं असणाऱ्या बाईने आधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर बाळाच्या मणक्याचे-मेंदूचे दोष बरेच टळतात, हे १९९१ च्या ट्रायलनंतर वादाचंच राहिलं नाही. दूध-अंडीसुद्धा न खाणाऱ्यांना बी१२ बाहेरूनच घ्यावं लागतं आणि डायबेटिससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते कमी होऊ शकतं, म्हणून अधूनमधून तपासावं. इथे कमतरता तरी आहे किंवा गरज तरी वाढलेली आहे. व्हिटॅमिन डी चंही तसंच, फारच कमी असेल तर द्यायलाच हवं, पण व्हायटल ट्रायलमध्ये कमतरता न बघता २५ हजारांवर लोक घेतले, त्यातल्या निम्म्यांना रोज २००० युनिट दिले, पाचेक वर्षं, तरी कॅन्सर किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रत्येक गोळीपुढे तीन गोष्टी द्या, कुठली टेस्ट करून ठरवायचं, रोजचा डोस किती आणि किती दिवस, आणि कुठल्या औषधाशी जमत नाही. तिसरी तर नक्कीच, कारण वॉरफरिन या रक्त पातळ ठेवायच्या औषधावर असलेल्या माणसाने व्हिटॅमिन के असलेली मल्टिव्हिटॅमिन मनानेच सुरू केली तर रक्त पातळ राहत नाही, आणि थायरॉइड कमी असणाऱ्यांनी थायरॉक्सिनच्या गोळीबरोबरच कॅल्शियम किंवा आयर्न गिळलं तर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही, टीएसएच चढतो, मग डोस वाढवतात, खरं तर दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवलं असतं तरी भागलं असतं. हे छापायला फार जागा लागत नाही, फोटो थोडा लहान करा.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन