रॅफल्सची पत्रे उद्धृत करताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंगापूरच्या स्थापनेवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ‘आम्हाला मुलूख नको, व्यापार हवा’ हे सिंगापूरची वखार घालणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे, स्टॅमफर्ड रॅफल्सचे, वाक्य ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण म्हणून दिले आहे. ते धोरण नव्हते. रॅफल्सने १० जून १८१९ रोजी कर्नल ॲडनब्रुक यांना जे खासगी पत्र लिहिले, त्यातले ते आहे. ॲडनब्रुक कंपनीच्या सेवेत नव्हते. इंग्लंडच्या राजघराण्याजवळ त्यांची ऊठबस होती. त्याच वर्षी पेनांगचे गव्हर्नर बॅनरमन यांनी सिंगापूरच्या बचावासाठी तिथला कारभार पाहणाऱ्या फर्क्वारना सैन्य द्यायला साफ नकार दिला होता आणि बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) डच गव्हर्नर जनरल निषेध नोंदवत होते. हे सारे शेजारी ठेवले की ते वाक्य अडचणीत आलेल्या अधिकाऱ्याची वकिली वाटू लागते, आणि माझ्या मते ती तशीच वाचावी.

सरकारी पत्रात परिच्छेदांना क्रमांक असतात, सोबत जोडपत्रे असतात आणि उत्तर बहुधा त्याच क्रमांकांनी येते. जोडपत्रे गळाली की अर्धा अर्थ जातो. समुद्रात एखादे जहाज बुडेल या भीतीने एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत, त्यामुळे दफ्तरात एकच पत्र दोनदा सापडते आणि नवखा अभ्यासक दोन पत्रे मोजतो. खासगी पत्रांची तऱ्हा निराळी. सुमात्राचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम मार्सडेनना रॅफल्सने ३१ जानेवारी १८१९ रोजी सिंगापुरातून पत्र लिहिले, तेव्हा जोहोरच्या सुलतान हुसेनशी वखारीचा करार व्हायचा होता. तो झाला ६ फेब्रुवारीला. विद्वान मित्राला लिहिताना त्या भूमीच्या प्राचीनतेचा आनंद आधी येतो. कलकत्त्याला कंपनी सरकारला लिहिताना तसे चालत नाही.

रॅफल्सची बरीच खासगी पत्रे लोक त्याच्या पत्नीने १८३० साली छापलेल्या चरित्रातून घेतात. त्यातली निवड तिची आहे. मूळ प्रत पाहता येत असेल तर ताडून पाहावे. कंपनीची सरकारी कागदपत्रे आणि रॅफल्स-मिंटो संग्रह, दोन्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तारखाही दोन द्याव्यात, लिहिल्याची आणि पोहोचल्याची. पत्र लंडनला जायला कित्येक महिने लागत, त्यामुळे तिथले उत्तर जुन्या परिस्थितीला उद्देशून असे.

लेखात १८१९ मध्ये बेट विकत घेतल्याचे म्हटले आहे, तेही चूक. त्या करारात वखार घालण्याची परवानगी होती. सुलतानाला वर्षाला ५,००० आणि तेमेंगगोंग या स्थानिक सरदाराला ३,००० स्पॅनिश डॉलर ठरले. बेट कायमचे मिळाले ते २ ऑगस्ट १८२४ रोजी, सिंगापुरातले कंपनीचे तेव्हाचे प्रतिनिधी क्रॉफर्ड यांनी केलेल्या करारात. डचांचा सिंगापूरवरचा आक्षेप मिटवणारा ब्रिटन आणि हॉलंड यांच्यातला तह त्याआधी, १७ मार्चला झाला होता.

पत्रांतल्या मालाचे आकडे छापतानाही माप कुठले ते सांगावे. पिकुल हे तिकडचे वजन म्हणजे १३३⅓ पौंड, सुमारे ६०.५ किलो. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा बाजारी मण सुमारे ८२ पौंडांचा. नुसता ‘मण’ लिहिला तर मिरीचा आकडा जवळजवळ तिपटीने चुकू शकतो.

आपला,
एक वाचक, पुणे