बाबा, यंदाच्या नोटिशीत बिल्डिंगच्या तपासणीचा विषय घ्याच

फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा
२ ऑगस्ट

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दर रविवारी आपण बोलतोच, पण सोसायटीचा विषय निघाला की तुम्ही "बघू गं" म्हणता आणि फोन आईकडे जातो. म्हणून लिहून पाठवते. हाती कागद आला की तुम्ही तो शेवटपर्यंत वाचता.

आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं पत्रक परवा आलं. इथे प्रत्येकाचं घर वेगळं, पण रस्ते, तळं, झाडं सामाईक. घर घेतलं की सभासदत्व आपोआप येतं, वर्गणी चुकत नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत वादळांचे दिवस, म्हणून सूचनाही त्याच: खिडक्यांची शटर तपासा, अंगणातल्या कुंड्या-खुर्च्या आत घ्या. घराचा रंग बदलायचा तर आधी मंजुरी घ्या, हे नेहमीचंच. आणि गुरुवारी सामाईक माडांचे नारळ उतरवणार आहेत, त्या बाजूला गाड्या लावू नका. वादळात नारळ तोफगोळ्यासारखा येतो. आपल्याकडे पाडेली सरसर वर चढतो, इथे गाडीला लावलेल्या पाळण्यातून माणूस वर जातो आणि उतरवलेले नारळ थेट कचऱ्यात. गेल्या वर्षी मी दोन मागून घेतले, सोलकढी केली.

पत्रकाच्या शेवटी वार्षिक सभेची नोटीस होती, सोबत प्रॉक्सीचा फॉर्म. येता येत नसेल तर दुसऱ्याच्या हाती मत द्या. तो फॉर्म हातात धरून मी आपल्याच बिल्डिंगचा विचार करत बसले. आपल्याकडे उपविधींप्रमाणे प्रॉक्सी चालत नाही, माणूस सभेला हजर हवा. आणि आपले निम्मे फ्लॅटवाले मुंबईला. दरवर्षी गणपूर्तीएवढी माणसं जमत नाहीत, अर्ध्या तासाने तहकूब सभा भरते आणि गळक्या गच्चीचा विषय पुढच्या वर्षावर जातो.

मे महिन्यात मी आले होते तेव्हा पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या खांबाला सहज हात लावला, तर बशीएवढा गिलावा हातात आला. आत सळई तांबडी झालेली, फुगलेली, तिचे पापुद्रे बोटाला लागत होते. तुम्ही म्हणालात, गवंड्याला सांगून बुजवून घेऊ. बाबा, ते बुजवू नका. समुद्राचा खारा वारा काँक्रीटमधून हळूहळू आत शिरतो, लोखंड गंजतं, गंज जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरून गिलावा मारला तर आतलं फक्त दिसायचं थांबतं.

इथून तासाभराच्या आत, सर्फसाइडला, समुद्रकाठी बारा मजली इमारत होती, १९८१ ची. २०१८ साली इंजिनिअरने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय. पैशांवरून सभासदांचे वाद झाले. दीड कोटी डॉलरची खास वर्गणी मंजूर व्हायला २०२१ चा एप्रिल उजाडला. २४ जूनला मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. त्या आठवड्यात मी तिथे गेले होते. कुंपणाला फुलं आणि फोटो लावले होते, एका फोटोत आजी-आजोबा होते. मला तुम्हीच दिसलात. पुढच्याच वर्षी इथे कायदा झाला, तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींची तिसाव्या वर्षी तपासणी सक्तीची. आपल्या जवळ म्हणाल तर २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडला इमारत कोसळली ते तुम्ही विसरला नसाल.

आपली बिल्डिंग १९९८ ची. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं, हे तुमच्याच उपविधींत आहे. एकदाही झालेलं नाही. तळमजल्याचे म्हणतात, गच्ची गळते त्याचे पैसे आम्ही का द्यायचे. त्यांना त्या खांबापाशी उभं करा. खांब तळमजल्यालाच आहे. दुरुस्ती निधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का जमायला हवा, आपण किती वर्षं जमवलाच नाही. तौक्ते वादळाने पत्रे उडाले तेव्हाही घरोघर वर्गणी मागत फिरावं लागलं, आठवतंय ना?

तर माझं मागणं एवढंच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, ती गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. चाकरमानी परतीच्या गाडीत बसायच्या आत सगळे हाताशी असतील. पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस लागते, तेवढं गणित करून आत्ताच काढा, आणि ऑडिटचा विषय हिशेबांच्या लगोलग घ्या, "आयत्या वेळचे विषय" मध्ये नको. तिथवर येईपर्यंत लोक चहाला उठतात. आपल्या फ्लॅटचा वाटा मी भरते, पहिला चेक आपला असू दे.

आईला नमस्कार. तिची स्कूटर त्या खांबाशी लावू नका, उद्यापासून फाटकाजवळ लावा.

तुमची,
बायो