दुखत नाही, पण जड वाटतं

प्रिय सुलू,

परवा फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "जिना चढले की दम लागतो गं, वय झालं आता." एवढं बोलून तू लगेच लेकीच्या परीक्षेकडे वळलीस आणि मीही तुला थांबवलं नाही. फोनवर काही म्हणाले असते तर तू हसण्यावारी नेलं असतंस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या वर्षीची माझी दाढ आठवते? तीन आठवडे खालचा जबडा ठणकत होता. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर दाढ एकदम चांगली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाले की दुसऱ्या मजल्यावर कळ यायची आणि दोन मिनिटं टेकलं की जायची. दाढ काय जिने मोजते? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. अंगावर काढलं, नेहमीसारखंच.

मग ती सकाळ. मळमळत होतं, पाठीत दोन खांद्यांच्या मधे कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं वाटत होतं आणि घाम असा की ब्लाउज पिळून काढावा. मी काय केलं असेल? मशीनमधले कपडे काढून वाळत घातले. तोंडात चिमटे धरून, एका हाताने दोरी पकडून. सगळे कपडे वाळत घालून झाल्यावर खाली बसले आणि मग हाक मारली. तोवर तीन तास गेले होते. हे तुला पहिल्यांदाच सांगतेय, घरातही कोणाला माहीत नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोलले नाही गं. दुखत नव्हतंच. छाती भरून आल्यासारखी, जड वाटत होती. आपण ज्याला 'दुखणं' म्हणतो ते असं नसतं. केसपेपरवर 'छातीत दुखणे नाही' असं लिहिलं गेलं, ईसीजी नॉर्मल आला आणि पित्त असेल, थोडा ताण असेल, असं सांगून मला गोळी दिली. मला तर बरंच वाटलं, उगाच सगळ्यांना पळवलं म्हणून ओशाळलेही. चपला शोधत होते, तेवढ्यात एका वयस्कर सिस्टरनी हटकलं. "दुखत नाही ना, मग काय होतंय?" म्हटलं, "जड वाटतंय." त्यांनी डॉक्टरांना परत बोलावलं.

दुसऱ्या ईसीजीत फरक दिसला आणि काही तासांनी परत केलेल्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात येतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून पहिला नमुना स्वच्छ येऊ शकतो. बायकांमध्ये त्याची नॉर्मल पातळी पुरुषांपेक्षा कमी असते, हेही मला नंतर कळलं. एका धमनीत गुठळी होती. स्टेंट टाकला.

बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत काही होतच नाही, असं आता बरेच जण सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नकोस. बहुतेक बायकांना छातीत काहीतरी होतंच. फक्त त्यासोबत दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, विचित्र थकवा अशी बाकीची वरातही जास्त वेळा असते आणि आपण वरातीबद्दलच बोलत बसतो. 'दुखतंय का' या प्रश्नाला 'नाही' म्हणून थांबू नये, एवढं मी त्या सिस्टरकडून शिकले.

सक्तीच्या विश्रांतीत वाचायला भरपूर वेळ होता, आणि वाचून संताप आला. 1964 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हृदयविकारावर बायकांसाठी परिषद भरली होती. विषय काय, तर नवऱ्याच्या हृदयाची काळजी कशी घ्यावी! ॲस्पिरिनने हार्ट अटॅक टळतो का, हे पाहणारा 1980च्या दशकातला एक गाजलेला अभ्यास 22,071 डॉक्टरांवर झाला. सगळेच्या सगळे पुरुष. 1991 मध्ये बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की, बाईचा आजार पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. मी तर पुरुषासारखं 'दुखतंय' म्हणायलाही चुकले होते. बरं, पुढे सगळं सुधारत गेलं म्हणावं तर तसंही नाही. हृदयविकार हेच बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण आहे, हे 2009 मध्ये 65 टक्के अमेरिकन बायकांना माहीत होतं. 2019 मध्ये हाच आकडा 44 वर आला.

आता तुझ्याकडे येते. धाकटीच्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं, पाय सुजले होते, लघवीतून प्रथिनं जात होती आणि बाळंतपण पाच आठवडे आधी करावं लागलं. त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. नंतर बीपी उतरलं आणि आपण सगळ्यांनी 'सुटलो' म्हणून फाइल बांधून ठेवली. पण ज्यांना तो होतो त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि स्ट्रोकचाही धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. गरोदरपणात शुगर वाढणं, पाळी लवकर जाणं, हेही त्याच हिशोबात धरतात. डॉक्टर शुगर विचारतील, तंबाखू विचारतील, वडिलांचं हृदय विचारतील. वीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण विचारतीलच असं नाही. ते तू सांगायचंस.

स्ट्रोकचं नाव घेतलं की मला माझी मावशी दिसते. सकाळी तिच्या हातातून कप निसटला, जीभ जड झाली आणि आम्ही म्हणालो, "थकलीये, झोपू दे." दुपारी उठली तेव्हा उजवी बाजू गेली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ माणूस शेवटचं धडधाकट दिसलं तिथपासून मोजतात. मेंदूतल्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. आम्ही तिच्या अंगावर पांघरूण घालून दार ओढून घेतलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात खाली घसरणारा, बोलणं अडखळणारं, यातलं एक जरी दिसलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवायची. आणि घरच्या घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, आणि स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. तुझा दम रक्त कमी असल्यामुळे असेल, थायरॉइडमुळे असेल, खरंच नुसता व्यायाम सुटल्यामुळेही असेल. पण ते तू किंवा मी ठरवायचं नाही. मी माझं निदान दाढ असं केलं होतं, लक्षात आहे ना?

तेव्हा ती जुनी फाइल शोध आणि याच आठवड्यात वेळ घे. परीक्षा संपू दे, पाहुणे जाऊ देत, असलं काही मला सांगू नकोस. बुधवार-गुरुवार मी मोकळी आहे, सोबत येते. बाहेर थांबणार नाही, आत येऊन शेजारी बसणार. तू "तसं काही नाही हो डॉक्टर" म्हणालीस की कोपर मारायला कोणीतरी हवं. आणि दम बसल्या बसल्या लागायला लागला किंवा छाती जड झाली, तर बुधवारचीही वाट पाहू नकोस. सरळ ॲम्ब्युलन्स बोलव आणि मग मला फोन कर.

तुझी,
मीना

ता. क. – किती पायऱ्यांनंतर दम लागतो आणि थांबलीस की किती वेळात जातो, हे दोन दिवस लिहून ठेव. महिन्याभरापूर्वी किती चढत होतीस, तेही आठवून ठेव. नेमकं हेच मला विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं.