शहापूरच्या काकांना, भट्टीच्या नोंदी बचावल्या त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणूनही देता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते बेळगावकडच्या उद्यमबागेत, मच्छेत, खानापुरात असलंच काम करणाऱ्या आणखी पोरापोरींना कळावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नको म्हणालात, ते पाळलंय.

आमच्या फाउंड्रीतली अडचण तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. भट्टीचं तापमान नोंदवणारा आमचा प्रोग्रॅम लिबसी, म्हणजे सी भाषेची तयार लायब्ररी, न वापरता थेट असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्याच भाषेत लिहिलेला, एका साध्या लिनक्स पीसीवर चालतो. सिरियल पोर्टवरून आकडे वाचायचे आणि प्रत्येक हीटची, म्हणजे वितळवलेल्या एका घाण्याची, नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. करंट गेला की यूपीएसवर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्रॅम त्याला सिगटर्म, म्हणजे 'बंद हो' असा सिग्नल, पाठवतो, आणि मग यानं हातातल्या नोंदी फाइलीत लिहून बंद व्हायचं. बहुतेक वेळा व्हायचाही. पण मधूनच एखाद्या वेळी रीडमध्ये, म्हणजे पुढचा आकडा वाचायची वाट बघत, अडकून बसायचा, बॅटरी उतरायची आणि त्या हीटचे शेवटचे आकडे गेलेले असायचे. गिऱ्हाईक कास्टिंगबरोबर हीटचा तक्ता मागतं, त्यामुळे हे नुकसान काही लहान नव्हे.

मोठा यूपीएस घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तुम्ही मात्र एकच विचारलंत: "सिग्नल आला तेव्हा आरआयपी कुठं होतं, ते सांग बघू."

आरआयपी म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठली ते दाखवणारं रजिस्टर, प्रोसेसरच्या आतला एक छोटा कप्पा. त्या प्रश्नाबद्दल हे आभार आहेत.

आधी फ्लॅग, म्हणजे 'बंद व्हायचंय' ही खूण, तपासायचा, तो शून्य असेल तर रजिस्टरं भरायची आणि मग सिसकॉल इन्स्ट्रक्शन, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) रीड करायला सांगणं, असा तो कोड होता. सिग्नल आला की चालणारा हँडलर फक्त फ्लॅग एक करायचा. रीडमध्ये थांबलेलं असताना सिग्नल आला तर कर्नल आरएएक्समध्ये, म्हणजे उत्तराच्या रजिस्टरात, उणे चार, म्हणजे ईइंटर (कॉल मधेच तुटला), घालून परत पाठवतो, आपण फ्लॅग बघतो, सगळं सुरळीत. पण फ्लॅग तपासून झालाय आणि सिसकॉल अजून व्हायचाय, अशा वेळी सिग्नल पडला तर? हँडलर फ्लॅग एक करून परत येतो, आणि आपण मात्र जुन्याच उत्तराच्या भरवशावर रीडमध्ये शिरतो. तुम्ही टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटचं उदाहरण दिलंत: फाटक उघडं दिसलं म्हणून गाडी पुढं काढली, पण बघणं आणि रूळ गाठणं यांच्यामध्ये फाटक पडायला वेळ असतोच. आमच्याकडे तर करंट गेल्यावर तापमान पाठवणारा कंट्रोलरही बंद. पुढचा बाइट येणारच नाही, म्हणजे रीड सुटणारच नाही. चार-पाच इन्स्ट्रक्शनांच्या त्या फटीत आमच्या नोंदी जात होत्या.

ती फट बुजवायचे दोन रस्ते तुम्ही दाखवलेत. पहिला सरळ आहे आणि बहुतेकांनी तोच धरावा: सिगटर्म कायम ब्लॉक, म्हणजे अडवून, ठेवायचा आणि पी-पोल या वाट बघणाऱ्या कॉलला मास्क (अडवायच्या सिग्नलांची यादी) देऊन फक्त त्या कॉलच्या आत उघडायचा. मास्क बदलणं आणि वाट बघणं कर्नल एका दमात करतो, मधे फट उरत नाही. सिग्नल आधीच येऊन थांबलेला असला तरी पी-पोल लगेच ईइंटर घेऊन परततो.

दुसरा रस्ता खास असेंब्लीवाल्यांचा, आणि मला त्याचं अजून अप्रूप आहे. फ्लॅग तपासायच्या आधी एक लेबल (कोडमधल्या जागेला दिलेलं नाव), सिसकॉलच्या लगेच पुढं दुसरं लेबल. हँडलरला तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये सिग्नलच्या वेळची सगळी रजिस्टरं मिळतात, त्यातलं आरआयपी काढायचं. ते पहिल्या लेबलवर किंवा त्यापुढं, पण दुसऱ्याच्या अलीकडं असेल, तर काम अजून झालेलं नाही. साठवलेलं आरआयपी बदलून बाहेर पडायच्या वाटेवर लावून द्यायचं. ते दुसऱ्या लेबलवर पोचलं असेल तर सिसकॉल उरकलाय, वाचलेले बाइट हातात आहेत, त्याला धक्का लावायचा नाही. मसल या सी लायब्ररीत थ्रेड (प्रोग्रॅममधला एक समांतर धागा) रद्द करायला हीच युक्ती वापरली आहे, तो कोड तुम्ही ओळ न् ओळ वाचून दाखवलात. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, जीलिबसीत, या बाबतीत फट असल्याची तक्रार २०११ साली नोंदली गेली होती: फाइल उघडणारा ओपन पूर्ण व्हायचा, पण डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा नंबर) हातात पडायच्या आत थ्रेड रद्द होऊन तो गळून जायचा. एवढ्या मोठ्या लायब्ररीलाही ज्यानं छळलं त्यानं आपण बिचकून जायचं नाही, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

आणि ते दोन बाइट! सिसकॉल इन्स्ट्रक्शन दोनच बाइटांची, ०एफ आणि ०५. एसए-रिस्टार्ट, म्हणजे तुटलेला कॉल पुन्हा सुरू करायचा पर्याय, लावलेलं असेल आणि रीड काहीच न वाचता मधेच थांबवला गेला असेल, तर कर्नल हँडलर बोलावायच्या आधीच आरआयपी दोनानं मागं घेतो आणि आरएएक्समध्ये कॉलचा नंबर परत ठेवतो. म्हणजे हँडलरला आरआयपी सिसकॉलवरच उभं दिसतं, दोन लेबलांच्या आत, आणि आपली युक्ती तिथंही लागू पडते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सनं कॉल आपोआप पुन्हा सुरू करायची पद्धत आणली, दुसरं युनिक्स, सिस्टम फाइव्ह, ईइंटर देत राहिलं, आणि पुढं पॉझिक्स या समाईक मानकात निवड आपल्या हातात आली, हा इतिहास तुम्ही सांगितल्यावर एसए-रिस्टार्ट का आहे ते समजलं.

लिबसी नसताना रिस्टोररही, म्हणजे हँडलर संपल्यावर मूळ जागी परत नेणारा तुकडा, आपणच लिहायचा असतो. आरएएक्समध्ये १५ (परतायच्या कॉलचा नंबर) आणि सिसकॉल, एवढाच. त्यात पुश-पॉप (स्टॅकवर ठेवणं-काढणं) काही करायचं नाही, कारण कर्नल स्टॅक पॉइंटरवरूनच आपली फ्रेम (साठवलेली रजिस्टरं) शोधतो. एक्स८६-६४ वर, म्हणजे आपल्या पीसीच्या प्रोसेसरवर, एसए-रिस्टोरर न देता हँडलर लावला तर पहिल्याच सिग्नलला सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. सिसकॉल स्वतः आरसीएक्स आणि आर११ पुसून टाकतो हे वेगळं, आणि सिग्नलनंतर सगळी रजिस्टरं जशीच्या तशी परत येतात हे वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत करू नको, हे तुम्ही मला वहीत लिहायला लावलंत.

तयार कोड तुम्ही एकदाही दिला नाहीत. जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्रॅम नेमका सिसकॉलवर थांबवून, तिथूनच सिगटर्म सोडून बघायला लावलंत. कधीतरीच होणारी गोष्ट हवी तेव्हा घडवता आली आणि तिची भीती गेली. माझ्याबरोबर येणारा गोकाकचा सहकारी मधे अडला, तेव्हा त्याच कागदावर, त्याच आकृतीवर बोट ठेवून तुम्ही कन्नडमध्ये पुढं गेलात. त्यालाही तेवढंच कळलं. काकूंनी प्रत्येक वेळी जेवायला बसवलं, त्यांनाही माझा नमस्कार.

आता करंट गेला की प्रोग्रॅम नोंदी लिहून बंद होतो. मालकांनी जुन्या दोन भट्ट्यांनाही हाच बसवायला सांगितलंय.

त्या भट्ट्यांवर एआरएम या वेगळ्या प्रोसेसरचा बोर्ड आहे. तिथं एसव्हीसी, म्हणजे तिथली सिसकॉल इन्स्ट्रक्शन, चार बाइटांची आणि एक्स० या रजिस्टरातच पहिलं आर्ग्युमेंटही असतं आणि उत्तरही येतं, म्हणून पुन्हा सुरू करताना कर्नलला मूळचं एक्स० वेगळं जपावं लागतं, इथवर माझं वाचून झालंय. लेबलं कुठं घालायची ते कागदावर मांडून रविवारी घेऊन येते. तपासून द्याल ना?

तुमची,
उद्यमबागेतली विद्यार्थिनी